मिरचीला मीठ सोसत नाही

माझी फुफी, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, आर्णीहून पूर्णाकाठच्या एका खेड्यात दिली होती. दर्यापूर तालुक्यातलं गाव. सुटीत मी तिच्याकडे पोचलो की पहिल्याच संध्याकाळी ती मला उंबऱ्यात उभं करी. मुठीत खडे मीठ आणि सात लाल मिरच्या घेऊन, काहीतरी पुटपुटत, ती मूठ माझ्यावरून तीनदा उतरवी आणि चुलीत टाकी. मिरची जळूनही ठसका लागला नाही तर नजर जबर होती, असं समजायचं. शेजारच्या पाटलीणबाई आपल्या नातवाची दृष्ट अशीच काढत. तोंडातले शब्द तेवढे वेगळे. मीठ गावातल्या किराणा दुकानातलं असे. मिरच्या मात्र आर्णीच्या. दादी त्या फडक्यात बांधून दरवर्षी माझ्याबरोबर पाठवायची.

एवढ्या लांबून मिरच्या कशाला, असं मी एकदा विचारलं. फुफी म्हणाली, "बेटा, अपनी आर्णी का पानी मीठा है, इसलिए वहाँ मिर्ची तीखी आती. यहाँ का पानी खारा. यहाँ मिर्ची आती ईच नै."

पाणी गोड म्हणून मिरची तिखट! दहा-अकरा वर्षांच्या पोराला हे कोडं घालण्यासारखंच होतं. पुढे या कोड्यानं आमच्या घराला चांगलाच चटका दिला, आणि त्यात माझाही हात होता. ते सांगायचंच आहे. पण आधी जरा मागे जावं लागेल.

आर्णीहून फुफीच्या गावी जायचं म्हणजे दारव्ह्यापर्यंत एस. टी. आणि तिथल्या मोतीबाग स्टेशनावरून शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशा दोन फाट्यांची ही छोट्या रुळांची गाडी वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात सुरू झाली आणि १९९४ पर्यंत कोळसा खात धावली. आज ती धावत नाही. मूर्तिजापूरला गाडी बदलायची आणि बनोसा, म्हणजे दर्यापूर, आलं की उतरायचं. मूर्तिजापूर सोडलं की खिडकीबाहेरचा मुलूख बदलायचा. आमच्या अरुणावतीकाठी टेकड्या, नाले, मधूनच एखादी बागायती पट्टी. इथे मात्र जमीन ताटासारखी सपाट. काळीभोर, खोल, नजर पोचेल तिथवर. पण विहिरीजवळ हिरवा मळा म्हणून दिसायचा नाही. पऱ्हाटी, ज्वारी, तूर, मूग. सगळं पावसाच्या भरवशावर. इतकी देखणी जमीन आणि वांग्या-मिरचीचा एक वाफा नाही, हे मला मोठं चमत्कारिक वाटे.

फुफीच्या घरी पहिला चहा घेतला की उलगडा व्हायचा. चहाला एक मचूळ चव यायची. साबणाला फेस धरत नसे. पाटलीणबाई म्हणत, "ह्या पाण्यानं दाय शिजत नाई बाप्पा, तं मिरची काय येईन?"

या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. पूर्णा नदी सातपुड्यातून उतरते, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहते आणि पुढे तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना ही खाऱ्या पाण्याची गावं आहेत, आठशे-नऊशेच्या घरात. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या मंडळींना हे मी सांगायला नको. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी मूतखड्याचं आणि किडनीच्या दुखण्याचं बोलणं रोजचं आहे. इथे पूर्वी समुद्र होता, असं गावोगावी सांगतात. ऐकायला छान वाटतं. पण खारेपणा टिकून राहण्याचं कारण पाहायचं तर या खोऱ्याच्या घडणीकडे पाहावं. हे खोरं म्हणजे एक खोलगट पन्हळ आहे. नद्यांनी आणलेल्या चिकणमातीचे थरांवर थर त्यात साचले. माती घट्ट, उतार नावाला, पाऊस बेताचा, ऊन कडक. जमिनीतले क्षार धुऊन निघून जायला वाट मिळाली नाही आणि ते तिथेच मुरत राहिले. १८६० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वाइन नावाच्या साहेबानं या खोऱ्याची पाहणी करून टिपण लिहिलं, म्हणजे कोडं नवं नाही.

आणि एके काळी हा खारेपणा म्हणजे दौलत होती, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. वऱ्हाड आणि खारी माती यांची सांगड जुनी आहे. १५९६ च्या सुमारास वऱ्हाड अकबराच्या राज्यात आलं. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारचा उल्लेख केला आहे. काच आणि साबण करायला लागणारी सामग्री तिथे मिळते, असं तो लिहितो. पूर्णेच्या खोऱ्यात तर खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करत. अकोला जिल्ह्यातलं दहीहांडा हे त्याचं ठळक ठिकाण. विहिरीचं पाणी वर काढायचं, उथळ वाफ्यांत पसरायचं, उन्हानं आटवायचं. समुद्र शेकडो मैल दूर असताना या भागाला घरचं मीठ होतं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे मिठावरचा कर आला, बंदी आली, आगगाडीनं बाहेरचं मीठ आलं, आणि हा धंदा काही टिकला नाही.

त्या विहिरींना पुन्हा एकदा भाव आला तो १९३० मध्ये. गांधीजींनी ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं. विदर्भात समुद्र कुठून आणायचा? तर त्याच एप्रिल महिन्यात सत्याग्रहींनी दहीहांड्याच्या खाऱ्या पाण्याचं मीठ करून कायदा मोडला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तेवढंही खारं पाणी नव्हतं. म्हणून लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० ला पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला. एका जिल्ह्यात मीठ आणि शेजारच्या जिल्ह्यात गवत. बी. ए.ला इतिहास शिकताना मला या गोष्टीची फार गंमत वाटली होती. पाणी गोड असल्यानं आमच्या वाट्याला मिठाचा सत्याग्रह आला नाही, पण मिरची आली.

आता मिरचीकडे वळू. मिरची आपली नव्हे. ती मेक्सिकोच्या बाजूची. कोलंबस १४९२ मध्ये त्या खंडाला लागला आणि त्यानंतर ती जहाजांतून जगभर निघाली. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. त्यांनी गोवा घेतला १५१० मध्ये. तोवर आपल्या जेवणातला तिखटपणा मिऱ्याचा होता, आल्याचा होता, पिंपळीचा होता. नव्या फळाला लोकांनी ओळखीच्या मिऱ्याचंच नाव जोडून दिलं, मिरची. मघाशी ज्या 'आईन-ए-अकबरी'चं नाव घेतलं, तिच्यात बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांचं सामान वजनासकट दिलं आहे. मिरी आहे, लवंग आहे, आलं आहे, मिरची नाही. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती शाही चुलीपर्यंत पोचली नव्हती. आणि आज? विदर्भातल्या माणसाला सांगून पाहा की हिचा मुलूख साता समुद्रापलीकडे आहे. भिवापूरच्या मिरचीला तर आता भौगोलिक मानांकन आहे. मराठीत चटणीच्या त्या लाल पुडीला आपण 'तिखट' म्हणतो. एका परक्या फळानं चवीचं नावच स्वतःकडे घेतलं.

असं हे झाड बहुतेक मातींत रुजलं, परसात रुजलं, कुंडीत रुजलं. पूर्णाकाठी मात्र अडलं. आणि कापूस त्याच जमिनीत जोमानं वाढत राहिला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो त्या कापसासाठीच.

एकाच जमिनीत एक पीक तगतं आणि दुसरं माना टाकतं, याचं मोजमाप शास्त्रज्ञांनी केलेलं आहे. मातीतल्या पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून क्षार किती ते मोजतात. त्याचं माप डेसिसायमन प्रति मीटर. नावाला घाबरू नका, आकडे साधे आहेत. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेनं १९८५ मध्ये छापलेल्या तक्त्याप्रमाणे मिरची दीडपर्यंत काही बोलत नाही. ३.३ ला पोचलं की उत्पन्न चौथ्या हिश्शानं घटतं, ५.१ ला निम्मं होतं आणि ८.६ च्या आसपास हाती काही लागत नाही. कापूस ७.७ पर्यंत तक्रारच करत नाही. मिरची जिथे जवळजवळ संपते, तिथे कापसाला खारेपणा नुकता जाणवू लागतो.

झाडाला होतं तरी काय? ज्यांनी घरी कैरीचं लोणचं घातलं आहे त्यांना अर्धं उत्तर ठाऊक आहे. फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं; मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं. मुळाभोवतीच्या मातीत मीठ वाढलं की तेच पाणी धरून ठेवतं, मुळाला देत नाही. वाफा ओला दिसतो आणि झाड तहानेनं मरतं. शेतकरी पानं मलूल पाहून आणखी पाणी देतो. पाणी खारंच, म्हणजे आणखी मीठ. मग सोडियम आणि क्लोराइड पानांत शिरतात, कडा करपतात, जणू कुणी विडी टेकवली आहे. झाड बुटकं राहतं, फुलं गळतात, फळं थोडी आणि आखूड. सोडियमच्या गर्दीत कॅल्शियमला शिरायला जागा राहत नाही. मग मिरचीचं टोक सडतं.

खारपाणपट्ट्यात तर याहूनही मोठं दुखणं आहे आणि ते जमिनीचं आहे. आपल्याकडे दोन शब्द आहेत, खारवट आणि चोपण. खारवट जमिनीत क्षार जास्त असतात. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणाकणाला चिकटून बसतो. सुटे झालेले चिकणमातीचे कण बारीक भोकं बुजवतात. वरून पाणी दिलं की मुरत नाही, डबकं होऊन साचतं. वाळलं की वर पापुद्रा धरतो आणि खाली दगड. मिरचीची मुळं फार खोल जात नाहीत आणि त्यांना हवा लागते. साचलेल्या पाण्यात ती दोन-तीन दिवसांत कुजायला लागतात. पूर्णेच्या चिकण मातीला हा रोग चटकन जडतो, विशेषतः विहिरीचं पाणी सतत देत राहिलं की. जुन्या शेतकऱ्यानं विहीर असूनही ओलीत केलं नाही, त्याला आपण आळशी ठरवलं. तो आळशी नव्हता.

फुफीनं मात्र हट्ट सोडला नव्हता. बाबा कम्बलपोष यांच्या उरुसाला ती माहेरी यायची आणि जाताना दादीकडून मिरचीचं बी मागून न्यायची. जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, मी दादीच्या वाफ्यातली रोपं ओल्या बारदानात गुंडाळून शकुंतलेतून तिच्याकडे नेली आहेत. पावसाळाभर ती रोपं मोठी आनंदात असत, कारण पाऊस मीठ खाली ढकलत असे. दिवाळीच्या आसपास पाऊस थांबला, विहिरीचं पाणी सुरू झालं, की पानांच्या कडा तांबूस व्हायच्या. दोन-तीन वर्षं असं झाल्यावर तिनं एक फुटका रांजण घेतला, त्यात शेणखत आणि आर्णीहून पिशवीत नेलेली माती भरली आणि तो पन्हाळीच्या खाली ठेवला. शेजारी दुसरा रांजण, पागोळ्यांचं पाणी साठवायला. त्या पाण्याला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही. फुफा कुरकुरत, "चहा कू नै, मिर्ची कू है मीठा पानी!" रांजणात तीन झाडं आली. मिरच्या इतक्या तिखट की आम्ही पोरं पैजा लावून खायचो आणि रडायचो. खाऱ्या भागात मिरची कशी घ्यावी, याचा पाठच होता तो. आम्ही कुणी वाचला नाही.

१९९० नंतर त्या भागात बोअरवेलचं वारं शिरलं. फुफीच्या थोरल्या मुलानं मला विचारलं, कापसाला भाव नाही, काय लावू? त्या वर्षी मिरची बाजारात चढी होती. मी आर्णीत बसून त्याला पत्र लिहिलं की पाण्याची सोय करून घे आणि मिरची लाव. शहाणपणानं भरलेलं पत्र होतं ते. त्यात एक शेरही टाकला होता, माझाच. फुफीच्या रांजणाची मला आठवणदेखील झाली नाही. माझा विषय इतिहास होता, रसायन नव्हे, ही सबब मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिली. ती पटत नाही. रांजण इतिहासच होता की.

त्यानं कर्ज काढलं, बोअर घेतली. पाणी भरपूर लागलं, गावात साखर वाटली. पाणी तपासून घे, असं त्याला कुणी सांगितलं नाही. खत-औषधं देणाऱ्या दुकानदारानंही नाही आणि मीही नाही. अर्धा एकर मिरची लागली. पहिला तोडा बरा निघाला. तिसऱ्या तोड्याला झाडं करपली. रोग समजून त्यानं औषधं फवारली, खतं वाढवली. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली, या वेळी रोपं धरलीच नाहीत. खरा धक्का पुढच्या पावसाळ्यात बसला. त्या तुकड्यात ज्वारीही नीट उगवली नाही. पाणी साचून राहिलं आणि उन्हं पडल्यावर वर पांढुरका थर आला. बापजाद्यांनी कोरडवाहू कसून शाबूत ठेवलेली जमीन दोन-तीन वर्षांत चोपण झाली होती. बैलजोडी विकावी लागली. मग कुठे माती तपासायला दिली; सामू साडेआठच्या वर निघाला. फुफी मला एक शब्द बोलली नाही. पुढच्या उरुसाला आली तेव्हा तिनं बी मागितलं नाही, एवढंच.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. चोपण जमीन सुधारायला जिप्सम घालतात. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर खाली वाहून जातो. पण त्याला गोडं पाणी हवं आणि निचऱ्याची चरही हवी. नुसतं जिप्सम टाकून भागत नाही, आणि खाऱ्या पाण्यानं धुणं म्हणजे चिखलानं चिखल पुसणं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं या पट्ट्यावर बरंच काम केलं आहे: जिप्सम, हिरवळीची खतं, रुंद वरंबा आणि सरी, आणि पावसाचं पाणी शेततळ्यात धरून पिकाला मोजून देणं. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात अवर्षणप्रवण गावांबरोबर पूर्णा खोऱ्यातली नऊशेवर खारपाण गावंही घेतली गेली. मजेची गोष्ट म्हणजे शेततळ्याची चिकणमाती पाणी धरून ठेवते. जमिनीचा जो दोष पिकाला मारतो तो तळ्याला कामी येतो.

भावानं शेततळं खोदलं. खर्च झाला, खेटे झाले, एक पावसाळा कोरडा गेला. बिघडलेल्या तुकड्यात तीन वर्षं त्यानं ढेंचा पेरून गाडला, जिप्सम टाकलं, कडेनं चर काढली. जमीन पूर्वीसारखी झाली असं तो म्हणत नाही. "कुछ कुछ ठीक हुई," म्हणतो. आता उंच वरंब्यावर तो मिरचीच्या चार ओळी घेतो, विकण्यापुरत्या नव्हे, घरापुरत्या. तळ्यातलं पाणी ठिबकनं देतो आणि तळं आटलं की झाडं उपटून टाकतो. बोअरचं पाणी त्यांना दाखवतही नाही.

फुफीला जाऊन आता काही वर्षं झाली. रांजण अजून पन्हाळीखाली आहे. मागच्या खेपेला भावानं तो उकरून माझ्यापुढे थोडी माती हातात धरली आणि विचारलं, ही आर्णीची का इथली, सांगता येईल का? मला सांगता आलं नाही. यंदा जूनमध्ये रोपं आण म्हणाला. दादीच्या वाणाचं बी माझ्या बायकोनं राखेत घालून जपून ठेवलेलं आहे. वाफा मेमध्ये टाकायचा आहे.